अण्णांच्या सहीचा दाखला

सिस्टर दोन जिने चढून वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात चाकांची मोठी बॅग होती आणि ती त्यांनी कुणालाही उचलू दिली नव्हती. खालच्या दुकानातला चष्मेवाला मदतीला धावला, तर "आयुष्यभर माणसं उचललीत मी, ही तर कागदं आहेत," असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं. दाराशी थांबून त्यांनी स्वतःची नाडी धरली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले, समाधान झाल्यावर हात सोडला आणि मग विचारलं, "पोस्टाच्या तिकिटांची आणि नाण्यांची किंमत सांगतात ते इथंच ना?"

"इथंच. या, बसा," पारखीण म्हणाली.

पारखीण हे काही तिचं नाव नव्हे. तिच्या वडिलांना, अण्णांना, बाजारात चाळीस वर्षं सगळे पारखी म्हणत आले. त्यांचे हात कापायला लागले आणि ती त्यांच्या खुर्चीवर बसू लागली, तेव्हा लोकांनी नवा शब्द शोधायची तसदी घेतली नाही. खोली लहानशीच. उत्तरेला खिडकी, खिडकीला लागून टेबल, टेबलावर भिंग, चिमटा, तिकिटाच्या काठाचे दाते मोजायची पट्टी आणि सोनाराकडे असतो तसला नाजूक काटा. अण्णा आता ऐंशीच्या पुढे होते. सकाळी मुलीबरोबर यायचे, कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत टेकायचे आणि गिऱ्हाईक आलं की झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकायचे.

"मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. अडतीस वर्षं," बॅगेची चेन उघडत पाहुण्या म्हणाल्या. "आता कुणाचीच सिस्टर नाही, पण नाव चिकटलंय. तुम्हीही सिस्टरच म्हणा."

त्यांनी सात जाडजूड अल्बम टेबलावर मांडले. त्यांचे थोरले भाऊ तारमास्तर होते. लग्न केलं नाही. पगार झाला की आधी तिकिटं घ्यायची, उरलं तर किराणा, असा त्यांचा संसार. गेल्या वर्षी ते गेले आणि जाताना सगळा संग्रह बहिणीच्या नावावर करून गेले.

"मला विकायचंय," सिस्टर म्हणाल्या. "मी धाकट्या भावाच्या मुलाकडे राहते. भाचा चांगला आहे, त्याची बायकोही गुणाची आहे. पण माझी खाट जिन्याखालच्या बोळात आहे. दिवा कधी लावायचा आणि कधी मालवायचा, हे सत्तराव्या वर्षी मला दुसऱ्याला विचारावं लागतं. मी एक खोली विकत घ्यायला बघून ठेवलीय. मालक महिनाभर थांबतो म्हणालाय."

"आणि नाणी?"

सिस्टरांनी अभिमानाने एक डबा पुढे सरकवला. झाकण उघडलं तशी उन्हाची तिरीप थेट पारखिणीच्या डोळ्यांत गेली. कसल्याकसल्या शताब्द्यांची, पुलांच्या आणि धरणांच्या उद्घाटनांची, थोर माणसांच्या जन्मदिनांची पन्नासेक स्मारक नाणी आत आरशासारखी लखलखत होती. कोपऱ्यात अण्णांनी एक डोळा उघडला.

"ही कुणी घासली?" पारखिणीने शक्य तितक्या हळू विचारलं.

"मी. कळकट झाली होती. भांड्यांच्या पावडरीने घासली, मग उकळत्या पाण्यातून काढली. दोन दिवस लागले."

अण्णांनी डोळा परत मिटला. या वेळी सोंग नव्हतं, त्यांना बघवेना.

पारखिणीने एक नाणं भिंगाखाली धरून सिस्टरांना वाकून बघायला लावलं. नाण्यावरचा काळसर थर ही त्याची कातडी असते. घासली की ती निघून जाते आणि खाली असे ओरखडे उरतात. घेणारा आधी तेच बघतो.

सिस्टरांनी बराच वेळ भिंगातून पाहिलं. "म्हणजे पेशंटला आंघोळ घालायला गेले आणि सोलून ठेवला."

"सगळी गेली नाहीत. ही बारा टांकसाळीच्या पाकिटात बंद आहेत, ती शाबूत आहेत."

"तीसुद्धा उघडणार होते. प्लॅस्टिकला नखं पोचली नाहीत म्हणून वाचली."

"आणि मनाला लावून घेऊ नका. स्मारक नाणं म्हटलं की लोकांना खजिना वाटतो. पण अशी नाणी निघतात तेव्हा कुणी ती खर्चच करत नाही, जो तो कपाटात जपून ठेवतो. जी वस्तू सगळ्यांनी जपली, ती महाग कशी होणार? फार नुकसान झालेलं नाही."

सिस्टरांनी पर्समधून छोटी वही काढली आणि त्यात लिहिलं: नाणी, दोष माझा. मग वही मिटून त्या म्हणाल्या, "आता मुख्य गोष्ट."

पर्सच्या आतल्या कप्प्यातून त्यांनी एक पारदर्शक पाकीट काढलं. आत एकच तिकीट होतं. त्याच्याबरोबर चार घड्यांचा एक कागद होता, शिक्का मारलेला. पारखिणीने तो उलगडला आणि तिला आपल्याच दुकानाचं नाव दिसलं. तिकीट अस्सल असल्याचा दाखला होता तो. खाली अण्णांची सही. तेवीस वर्षांपूर्वीची.

अण्णा आता पुरते जागे झाले होते. "आण इकडे," ते म्हणाले. सही बघून त्यांचा चेहरा खुलला. "आठवतं तर. बिनसूर्याचं जहाज."

हे तिकीट दोन रंगांत छापायचे. आधी निळं जहाज, मग दुसऱ्या फेरीत त्याच्यामागे केशरी सूर्य. कधी काळी एक ताव दुसऱ्या फेरीतून जायचा राहून गेला. त्या तावावरच्या तिकिटांत जहाज आहे, सूर्य नाही. तसली तिकिटं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच ठाऊक होती.

"भाऊ म्हणायचा, एका तिकिटात तुझी खोली येते," सिस्टर म्हणाल्या. "त्याने वर्षभराची बचत ओतली होती त्यात. तुमचा कागद होता म्हणून."

"बरोबर म्हणायचा," अण्णा म्हणाले.

"विकायच्या आधी मी सगळंच तपासते," पारखीण म्हणाली. "आठवडाभर ठेवून जाल?"

"त्यात तपासायचं काय? माझी सही आहे."

"तपासल्याशिवाय किंमत लिहायची नाही, हा तुमचाच नियम आहे, अण्णा."

सिस्टर हसल्या, पावती घेतली आणि रिकामी बॅग खडखडवत जिना उतरल्या.

अण्णांच्या सहीचा मान या धंद्यात मोठा होता. त्यांनी अस्सल म्हटलं की अस्सल. काळ्या दगडावरची रेघ. सिस्टर गेल्यावर त्यांना राहवेना. दुपारी मुलगी बँकेत गेली तेवढ्यात त्यांनी लिलाववाल्याला फोन लावला आणि बिनसूर्याचं जहाज बाजारात येतंय हे सांगून टाकलं. लिलाववाला म्हणाला, अण्णांचा दाखला असेल तर मी तिकीट उलटूनसुद्धा बघणार नाही, तसंच घेतो. अण्णा दिवसभर गुणगुणत होते.

पारखिणीने आधी अल्बम घेतले. तारमास्तरांचं काम टापटिपीचं होतं. एकेका तिकिटाखाली बारीक अक्षरात तारीख, कुणाकडून घेतलं, कसं मिळालं. पण टापटीप वेगळी आणि भाव वेगळा. बरीचशी तिकिटं स्मारक, लाखांनी छापलेली, लाखांनी जपलेली. काही डकवताना मागचा गोंद गेलेला, काहींचे दाते दुमडलेले. तीन दिवसांत सातही अल्बम झाले आणि तिच्या यादीत मनाजोगी म्हणावीत अशी तिकिटं चाळीसच्या वर गेली नाहीत.

चौथ्या दिवशी तिने जहाज घेतलं. दाते मोजले, बरोबर होते. कागद बरोबर, निळी शाई बरोबर. मग तिने पडदा ओढला आणि जांभळा दिवा लावला. या दिव्याखाली प्रत्येक शाई आणि प्रत्येक कागद आपापल्या परीने उजळतो, उघड्या डोळ्यांना जे दिसत नाही ते वर येतं.

जहाजामागच्या कोऱ्या जागेत एक गोल दिसला. अगदी फिकट, मळकट पिवळा. काठाला किरणांचे दातेरी कोपरे.

तिने दिवा मालवला, पडदा उघडला, पाणी प्यायली आणि पुन्हा पडदा ओढला. गोल तिथंच होता. मग तिने तारमास्तरांच्या अल्बममधलं साधं, सूर्यासकटचं तिकीट शेजारी ठेवलं आणि मापं घेतली. गोल नेमका सूर्याच्या जागी, नेमका तेवढाच. भिंगाखाली त्या जागेचे कागदाचे तंतू किंचित उभारलेले दिसत होते, ओला होऊन वाळलेल्या कागदाचे असतात तसे. केशरी शाई या तिकिटावर पडली होती. कुणीतरी ती रसायनाने धुऊन काढली होती.

पाचव्या दिवशी सकाळी तिने हे सगळं पहिल्यापासून पुन्हा केलं. उत्तर तेच आलं. मग तिने दाखला हातात घेतला आणि प्रथमच त्यावरच्या तारखेकडे नीट पाहिलं. महिना तिच्या ओळखीचा होता. आई त्या महिन्यात दवाखान्यात होती. त्या महिन्यानंतर आई घरी आली नाही.

"अण्णा," ती म्हणाली. "हे तिकीट बरोबर नाही."

"कुठलं?"

"जहाज. सूर्य धुतलाय."

 अण्णा शांतपणे म्हणाले, "तू पायऱ्यांवर खेळत होतीस ना, तेव्हापासून मी धुतलेली तिकिटं ओळखतोय."

"माहीत आहे मला."

"मग मला शिकवू नकोस."

ती वाद घालत बसली नाही. तिने तिकीट दिव्याखाली ठेवलं, अण्णांची खुर्ची टेबलाशी ओढली, त्यांना हाताला धरून बसवलं आणि पडदा लावला. "मी चहा सांगून येते," म्हणाली आणि दार ओढून बाहेर पडली.

चष्मेवाल्याच्या फळीवर बसून तिने एक चहा घेतला. मग दुसराही घेतला. वर गेली तेव्हा पडदा उघडलेला होता, दिवा मालवलेला होता. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत होते.

"तो माणूस दवाखान्यात आला होता," ते म्हणाले. "विकणारा. दुकान बंद होतं म्हणून विचारत विचारत तिथं आला. मी व्हरांड्यात होतो. तुझ्या आईला आत नेलं होतं. तो म्हणाला, दाखला आजच हवाय. मी खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. दाते मोजले. शिक्का पिशवीत होताच." त्यांनी दिव्याकडे बोट दाखवलं. "मला कशात तरी डोकं घालायचं होतं, दुसरं काही नाही. दिव्याखाली घ्यायचं राहिलं."

पारखीण त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली.

"आता ऐक," अण्णा म्हणाले. "लिलाववाला ते तसंच घेणार आहे. मी बोललोय त्याच्याशी. तेवीस वर्षं कुणाला कळलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"अण्णा."

"माझ्या नावासाठी नाही म्हणत. माझे किती दिवस राहिलेत? त्या बाईचा विचार कर. तिने खोली बघून ठेवलीय. तुझं खरं तिच्या काय कामाचं? तुझ्या खऱ्यावर ती खाट टाकणार आहे का?"

 अण्णा लबाडीने बोलत नव्हते, कळवळून बोलत होते, आणि गेले दोन दिवस रिकामी बॅग खडखडवत उतरणाऱ्या सिस्टर पारखिणीच्याही डोळ्यांसमोरून हलल्या नव्हत्या.

"मूठ सिस्टरांची आहे," ती शेवटी म्हणाली. "आपण परस्पर झाकायची नाही. आणि उद्या तिसरा कुणीतरी तिकीट घेईल, वर्षभराची बचत ओतून, तुमच्या सहीवर. तारमास्तरांनी ओतली तशी. मी सांगणार आहे, अण्णा. तुम्ही आलात तर बरं होईल. नाही आलात तरी मी जाणार."

 दुपारी अण्णा जेवले नाहीत. चार वाजता उठून त्यांनी लिलाववाल्याला फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "ते जहाज विसर. माझी चूक होती." पलीकडून बरंच काही विचारलं जात असावं. अण्णांनी ऐकून घेतलं, "हो, माझीच," म्हणाले आणि फोन ठेवला. मग टोपी घातली.

"चल," ते म्हणाले. "उद्यावर टाकलं तर पाय निघणार नाही."

भाच्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या तशीच खाट जिन्याखाली होती, एका दोरीवर पडदा लावलेला. पडद्याआड सगळं इस्पितळासारखं स्वच्छ. चादरीचे कोपरे काटकोनात खोचलेले.

"बसा ना, सिस्टर," पारखीण म्हणाली.

सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि त्या बसल्या. "नातेवाइकांना वाईट बातमी द्यायची असली की मीही आधी बसाच म्हणायचे," त्या म्हणाल्या. "सांगा. आडवळण नको."

पारखीण तोंड उघडणार तोच अण्णा म्हणाले, "मी सांगतो." आणि त्यांनी सांगितलं. व्हरांडा, खिडकी, राहून गेलेला दिवा, सगळं. बायको आजारी होती हे एकदाच सांगितलं, आणि "हे कारण आहे, सबब नव्हे," असंही म्हणाले.

सिस्टर ऐकत होत्या. हात मांडीवर, पाठ ताठ. ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "माझ्या भावाला ठाऊक होतं?"

"नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, एवढीच त्याची चूक."

"मग ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या, आणि मग मात्र त्यांनी चष्मा काढला आणि पदराने डोळे टिपले.  वरच्या जिन्यावरून कुणीतरी धाडधाड उतरलं, तसा पडदा हलला आणि थांबला.

अण्णांनी खिशातून दाखला काढला, गुडघ्यावर पसरला आणि त्यावर आडवं लिहिलं, 'रद्द'. खाली सही केली, तारीख घातली. मग म्हणाले, "माझ्याकडे माझी स्वतःची काही नाणी आहेत. चांगली आहेत, घासलेली नाहीत. ती तुम्ही..."

"नको," सिस्टर म्हणाल्या. "मला दया नको, भाव सांगा. बाकीच्यांचे किती येतात?"

पारखिणीने यादी पुढे ठेवली. आकडा बघून सिस्टरांनी मान हलवली. खोलीच्या चौथ्या हिश्शाएवढाही नव्हता.

"सिस्टर, तारमास्तरांनी आणखी काही ठेवलंय का?" पारखिणीने विचारलं. "अल्बमात न लावलेलं. डबे, पाकिटं, रद्दी, काहीही."

"सामानात काही नाही. एक बिस्किटांचा डबा आहे, पण त्यात नुसती पत्रं आहेत. माझीच. त्याने जपून ठेवली होती."

"बघू?"

"तिकीटसुद्धा साधंच आहे त्यावर."

"बघू तर खरं."

सिस्टरांनी खाटेखालून डबा काढला. सतरा पाकिटं होती, सुतळीने बांधलेली. पारखिणीने वरचं उचललं आणि पहिल्यांदा तिला दिसलं ते नुकसान. पाकिटाचे दोन कोपरे कात्रीने तिरके कापले होते. दुसऱ्याचेही. सगळ्यांचेच. मग तिने तिकिटावरचा टपालाचा शिक्का वाचला, खिशातलं भिंग काढलं आणि पाकीट अण्णांकडे दिलं. अण्णांनी ते नाकाजवळ धरलं आणि त्यांची मान एकदम ताठ झाली.

"तुम्ही साथीच्या छावणीत होतात?" पारखिणीने विचारलं.

"बावीस वर्षांची होते तेव्हा. नदीपलीकडे माळावर तंबू ठोकले होते, रोग्यांना गावापासून लांब ठेवायला. सात आठवडे आम्हाला बाहेर पडायची परवानगी नव्हती. टपालासाठीसुद्धा एक तंबू होता, त्यात एकच माणूस. साथ ओसरली तसा तंबू गुंडाळून तो गेला."

"आणि हे कोपरे?"

"मीच कापायचे. बाहेर जाणाऱ्या पत्रांना गंधकाची धुरी द्यायची असायची, धूर आत शिरायला वाट हवी. दरवेळी कात्री उकळून घ्यायची." त्या थांबल्या. "तिथंही माझ्याच हाताने नासलं म्हणा की."

"नाही," पारखीण म्हणाली. "हे कोपरे नसते, तर मला शंका आली असती."

तिने सगळं नीट समजावलं. बंद झालेल्या टपाल कचेऱ्यांचे शिक्के गोळा करणारी माणसं असतात. सात आठवडे चाललेल्या कचेरीचा शिक्का म्हणजे त्यांना पर्वणी. पण या गोष्टीलाही दुसरी बाजू आहे. अशी पाकिटं पाच-सहाच ठाऊक आहेत म्हणून त्यांना भाव आहे. सतरा एकदम बाजारात ओतली तर तो कोसळेल. तेव्हा लिलाव नको. सबंध संच, तारखेवार लावून, एकाच माणसाला.

"दातांच्या डॉक्टरला," अण्णा म्हणाले. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जीव आला होता.

"पण आधी मी सगळी दिव्याखाली घेणार," पारखीण म्हणाली. "एकूण एक. आणि दाखल्यावर मी आणि अण्णा, दोघंही सही करू."

दातांचा डॉक्टर दिवसभर माणसांचे दात बघायचा आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटांचे दाते. तो पुढच्या रविवारी दुकानात आला. सिस्टर आधीच येऊन बसल्या होत्या. पाकिटं क्रमाने मांडलेली पाहून डॉक्टरच्या डोळ्यांत आलेली चमक त्याने खोकून लपवली.

"चांगली आहेत," तो म्हणाला. "पण कोपरे कापलेत हो सगळे."

"कापलेत ना. मीच कापलेत," सिस्टर म्हणाल्या. "कुठल्या कात्रीने, तेही सांगते."

डॉक्टर ओशाळून हसला. पुढचा तासभर घासाघीस झाली, पण पारखीण आपल्या आकड्यावरून हलली नाही. तिने मागे झालेल्या विक्रीचे भाव काढून ठेवले होते, शिक्क्यांची मापं होती, प्रत्येक पाकिटाचा दोष तिने स्वतःच आधी लिहून ठेवला होता. त्यामुळे डॉक्टरला नवा दोष काढायला जागाच राहिली नाही. शेवटी तो म्हणाला, "ठीक आहे. पण आतली पत्रंही द्या, मी याच्यावर निम्मे आणखी देतो."

 निम्मे आणखी म्हणजे सिस्टरांची खोली जवळपास आलीच होती.

सिस्टरांनी एक पत्र उलगडलं. "आज अकरा जण बरे होऊन घरी गेले," त्यांनी वाचलं. "जेवण चांगलं असतं. काळजी करू नकोस." त्यांनी दुसरं उलगडलं. "आज सात जण घरी गेले." मग घडी घातली. "सतरा पत्रांत मी घरी गेलेल्यांचेच आकडे लिहिलेत, डॉक्टर. बाकीचे जे गेले, त्यांचं एका अक्षराने लिहिलं नाही. भाऊ घाबरला असता. हे तुमच्या संग्रहात लागलं की उद्या कुणीतरी वाचून म्हणेल, छावणीत सगळं आलबेल होतं."

"मी तसं टिपण जोडेन हवं तर."

"नको. भावासाठी लिहिलेलं आहे, भावापुरतंच राहू दे. पाकिटं अस्सल आहेत, ती घ्या."

पारखिणीला वाटलं, यांनी एकदा विचार करावा असं आपण सुचवावं. पण तिने सिस्टरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि गप्प बसली. डॉक्टरने आणखी एकदा विचारून पाहिलं आणि मग पाकिटांचा व्यवहार झाला.

बघून ठेवलेली खोली सिस्टरांना मिळाली नाही. मालक एक पैसा कमी करेना. त्या आठवडाभर चपला झिजवत फिरल्या आणि एका बेकरीच्या वर, दहा वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांनी दुसरी खोली घेतली. ओटा उंच होता, म्हणून त्यांनी पायाखाली फळी ठोकून घेतली. "दहा वर्षांनी मी ऐंशीची," त्या पारखिणीला म्हणाल्या. "तेव्हाचं तेव्हा बघू. सध्या पहाटे पावाच्या वासाने जाग येते आणि उठलं की मी माझा दिवा लावते." भाच्याने सामान हलवताना खाट स्वतः डोक्यावर वाहून नेली आणि जिन्याखालच्या बोळात उभा राहून तो बराच वेळ रडला, असं त्यांनी सांगितलं. त्यांना त्याचं वाईटही वाटलं होतं आणि थोडं बरंही.

अण्णांचं मात्र तिथं संपलं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरून दाखल्यांची जुनी वही काढायला लावली. त्या महिन्यात, दवाखान्याच्या व्हरांड्यात, त्यांनी एकूण अकरा दाखले दिले होते. जहाज धरून. बाकी दहांच्या मालकांचे पत्ते वहीत होते. काही बदलले असतील, काही माणसं राहिली नसतील.

"मी टाइप करून देते," पारखीण म्हणाली.

"नको. सह्या मी केल्या, पत्रंही मीच लिहीन."

एकेक पत्र लिहायला त्यांना एक सकाळ लागायची. अक्षर थरथरायचं, मग कागद फाडून पुन्हा सुरुवात. मजकूर एकच: मी तेव्हा घाईत तपासलं होतं. वस्तू पाठवावी, किंवा मी मुलीला घेऊन येतो. नीट तपासून देऊ, आणि चूक असेल तर तसं लिहून देऊ.

तीन पत्रं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली. आणखी तिघांचं उत्तरच आलं नाही. चौघांनी वस्तू पाठवल्या. अण्णा आणि पारखीण यांनी पडदा ओढून त्या एकेक करून दिव्याखाली घेतल्या, ती सांगायची आणि ते लिहायचे, मग ते सांगायचे आणि ती लिहायची. तीन अस्सल निघाल्या. चौथ्या तिकिटाचा एका बाजूचा काठ नंतर दाते पाडून तयार केलेला निघाला. ते तिकीट एका कापड दुकानदाराचं होतं. त्याला तसं लिहून कळवलं.

चार दिवसांनी दुकानातला फोन वाजला. पारखिणीने उचलला, तर पलीकडून दुकानदाराचा आवाज इतका चढलेला होता की तिला रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. दाखल्यावर विसंबलो, तेवीस वर्षं लॉकरचं भाडं भरलं, पाहुण्यांना दाखवत आलो, आता कुठल्या तोंडाने सांगू. त्याचं चूक होतं असं नाही.

"मी बोलते त्यांच्याशी," रिसीव्हरवर हात ठेवून ती हळूच म्हणाली. "तुम्ही बसा."

अण्णा आरामखुर्चीतून उठले, टेबलाला धरून फोनपर्यंत आले आणि तिच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"नमस्कार," ते म्हणाले. "सही माझी आहे. बोला, मी ऐकतोय."